मिठाला पाणी सुटतं कुठून?



‘मिश्र क्षारांच्या द्रावणातील क्रियाशीलता गुणांक’ हे आजच्या विषयाचं नाव पत्रिकेत वाचून काही मंडळी घरीच थांबली असणार. तुम्ही आलात, तेव्हा तुम्हाला आधी स्वयंपाकघरात नेतो.

पावसाची झड लागली की बरणीतल्या खडेमिठाला पाणी सुटतं. पिशवीतलं बारीक मीठ मात्र बराच काळ तग धरतं. असं का? शुद्ध मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांपुढे गेली तरच पाणी ओढतं. खडेमिठात थोडं मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि त्याला ३३ टक्केच पुरतात. दोन्ही एकत्र असले तर त्याहूनही किंचित कमी. द्रावणात पाणी किती आहे हा एक प्रश्न झाला. त्यातलं किती ‘मोकळं’ आहे हा दुसरा. या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरालाच क्रियाशीलता म्हणतात. ही कल्पना अमेरिकेच्या गिल्बर्ट लुईस यांनी १९०७ मध्ये मांडली.

क्षाराचंही तसंच. एक किलो पाण्यात एक मोल, म्हणजे साडेअठ्ठावन्न ग्रॅम मीठ विरघळवलं, तर २५ अंश सेल्सिअसला त्याचा क्रियाशीलता गुणांक ०.६६ भरतो. मीठ हिशेबाला पूर्ण, वागायला दोनतृतीयांश! कारण प्रत्येक आयनाभोवती विरुद्ध भाराच्या आयनांचं कोंडाळं असतं. या विद्युत ओढीचा हिशेब मांडण्याचा एक गाजलेला प्रयत्न कलकत्त्याच्या ज्ञानचंद्र घोष यांनी १९१८ मध्ये केला. १९२३ मध्ये डिबाय आणि ह्युकेल यांचा सिद्धांत आला आणि तोच टिकला. पण टिकला तो विरळ द्रावणांपुरता. द्रावण दाट होऊ लागलं की गणित कोलमडतं. मीठ मुरेल तितकं घातलं की गुणांक पुन्हा १ च्या आसपास येतो, आणि मॅग्नेशियम क्लोराइडचा तर १० च्याही पुढे जातो.

मग हे मोजायचं कसं? रॉबिन्सन आणि सिंक्लेअर यांनी १९३४ मध्ये एक सुरेख रीत रूढ केली. जाड तांब्याच्या ठोकळ्यावर धातूच्या छोट्या वाट्या बसवायच्या. एकीत ज्याचं सगळं ठाऊक आहे असं मिठाचं पाणी, दुसरीत तपासायचं द्रावण. भांडं बंद करून हवा काढून घ्यायची, तापमान एका अंशाच्या शतांशानेही हलू द्यायचं नाही, आणि भांडं हळूहळू डोलवत ठेवायचं. ज्या वाटीतलं पाणी अधिक मोकळं, तिथून वाफ उठते आणि दुसरीत उतरते. दिवस जातात, कधी आठवडे. देवघेव थांबली की दोन्ही वाट्यांत पाण्याची क्रियाशीलता सारखी झाली. मग वाट्या तोलायच्या. सगळी कमाई त्या तराजूच्या काट्यावर!

आता मिश्रणाकडे वळू. उरण-पेणच्या मिठागरात समुद्राचं पाणी वाफ्या-वाफ्यातून आटत जातं. मीठ धरण्याआधी जिप्सम खाली बसतं. साध्या पाण्यात ते लिटरला जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतं. बऱ्यापैकी खाऱ्या पाण्यात मात्र त्याच्या तिपटीच्या आसपास. शेजारच्या मिठामुळे त्याचा गुणांक पडतो, म्हणून ते अधिक मुरतं. पुढे २५ डिग्री बोमेला (बोमे हे द्रावणाच्या दाटपणाचं माप) मीठ धरतं, आणि २९-३० डिग्रीला उरलेलं कडवट पाणी सोडून द्यावं लागतं. उशीर झाला की मॅग्नेशियम मिठात उतरतं. तुमच्या बरणीतल्या ओलाव्याची गोष्ट तिथेच सुरू होते.

समुद्रात सहा प्रमुख आयन. त्यांची सगळी मिश्रणं मोजायची तर आयुष्यं पुरणार नाहीत. बर्कलीच्या केनेथ पिट्झर यांनी १९७३ मध्ये समीकरणांची वाट काढली. एकेका क्षाराच्या मोजमापातून विरुद्ध भारांच्या जोड्यांचे आकडे घ्या. समान आयन असलेल्या दोन क्षारांच्या मिश्रणातून समभारी जोड्यांचे आणि त्रिकुटांचे घ्या. चार आयनांच्या गटांच्या वाटेला फारसं जावं लागत नाही. हार्वी आणि वेअर यांनी १९८० मध्ये हीच समीकरणं समुद्राच्या पाण्याला लावली, आणि ते आटताना कोणतं खनिज कोणत्या क्रमाने बसेल ते कागदावर उतरवलं.

पण एक गोष्ट विसरू नका. ही समीकरणं स्वतःहून काही सांगत नाहीत; त्यांतला प्रत्येक आकडा कोणीतरी वाट्या तोलून किंवा तसंच काही मोजून मिळवलेला आहे. जिथे वाटी पोहोचली नाही, तिथे संगणक फक्त आत्मविश्वासाने अंदाज करतो.

म्हणून घरी गेल्यावर एक करा. घट्ट झाकणाच्या डब्यात एका वाटीत साधं पाणी ठेवा, दुसरीत मूठभर खडेमीठ. पंधरा दिवसांनी झाकण उघडा. मीठ पाण्यात उभं असेल, आणि ते पाणी मिठाला सुटलेलं नसेल. शेजारच्या वाटीतून आलेलं असेल.