पुस्तकातली माणसे कशी ओळखावी?



मी सातवी शिकलेली बाई. साहित्यावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण बुधवारचे वाचन मी सहसा चुकवीत नाही, म्हणून चिटणीसबाईंनी माझे नाव घातले. काही चुकले तर सांभाळून घ्यावे.

आपण कोणाची ओळख करून देतो तेव्हा म्हणतो, "फार प्रेमळ हो!" नाहीतर, "भारीच तिखट!" आपले तेवढ्यावर भागते. चांगल्या लेखकाचे भागत नाही. तो त्या माणसाला आपल्यापुढे वागू देतो, बोलू देतो, आणि पारख आपल्यावर सोपवितो.

हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' पत्रात क्रमाने आली. ती सारी यमूच्या तोंडची आहे. लहानग्या यमूचे बोलणे पोरवयाचे, आणि जसजशी ती सोसत जाते तसतसे तिचे बोलणेही बदलते. तिचा स्वभाव वेगळा सांगावाच लागत नाही, तो तिच्या भाषेतच उतरतो. शंकरमामंजींचेही तसेच. ते दांभिक आहेत हे त्यांचा धर्माचा डौल आणि विधवा यमूचे बळजबरीने केलेले केशवपन शेजारी शेजारी ठेवले की आपोआप कळते. बोलणे आणि करणे यांत जे अंतर पडते, तिथे माणूस सापडतो.

आता 'श्यामची आई' घ्या. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यात श्यामला पोहायला पाठविण्याचा प्रसंग आहे. पोरगा भिऊन लपून बसतो, आणि हीच मायाळू आई शिंपटीने मारून त्याला विहिरीवर धाडते. गुरुजी इथेच थांबले असते तर ती आपल्याला कठोर वाटली असती. पण पुढे ती त्याला आवडीचे दही देऊ करते. तो रुसून अंगावरचे वळ दाखवितो. तशी ती जेवण टाकून उठते आणि वळांना तेल लावते. आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणू नये म्हणून मारले, हेही सांगते. एकच हात मारणारा आणि तेल लावणारा! लेखकाने दोन्ही दाखविले, म्हणून ती आई खरी वाटते.

भगिनींनो, हा प्रसंग आपण इथे वाचला तेव्हा मी मध्येच उठून गेले होते. डोके दुखते असे सांगितले, ते खोटे होते. माझा धाकटा दहावीला नापास झाला, तेव्हा मी आठ दिवस त्याच्याशी बोलले नव्हते. रोज रात्री त्याच्या अंगावर पांघरूण घालीत होते, पण तो झोपल्यावर. स्वतःला दोन घास जात नव्हते, तेही त्याला कळू दिले नाही. श्यामला आईचे दोन्ही हात दिसले, माझ्या मुलाला एकच दिसला.

त्या दिवशी घरी जाऊन मी त्याला दही वाढले. त्याने वाटी बाजूला सारली. म्हणाला, "आज कशी आठवण झाली?" मग मी त्याच्याजवळ बसले आणि मनातले सारे सांगितले. तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने वाटी पुढे ओढली. यंदा तो पुन्हा परीक्षेला बसतो आहे. निकाल देवाच्या हाती, पण आम्ही आता एकमेकांशी बोलतो.

पुस्तकातल्या माणसाची दुसरी बाजू दाखवायला लेखक असतो. घरात आपली बाजू आपल्यालाच दाखवावी लागते. आणि शेजारणीचे एक वागणे पाहून तिला नाव ठेवण्याआधी पुढचे पान वाचायचे राहिले नाही ना, हेही पाहावे.