मूलद्रव्यांचें सप्तक



ज्या करवीरांत अल्लादियाखांसाहेब गायिले, तेथील श्रोत्यांस सप्तक म्हणजे काय हें सांगावयास नको. षड्जापासून सात स्वर चढून गेलें कीं आठव्या ठिकाणीं पुन्हा षड्जच भेटतो. उंचीवर असला तरी त्याची ओळख पटते. 1865 सालीं न्यूलंड्स नांवाच्या इंग्रज रसायनज्ञानें मूलद्रव्यें परमाणुभाराच्या चढत्या क्रमानें मांडलीं, तेव्हां त्यालाही असाच प्रत्यय आला. लिथियमपासून मोजूं लागलें तर आठवें सोडियम, सोडियमपासून आठवें पोटॅशियम; तिन्ही धातु मऊ, तिन्ही पाण्याशीं झोंबणारे. (निऑनसारखे उदासीन वायु तेव्हां अज्ञात होते, नाहीं तर तीं नववीं ठरलीं असतीं.) पुढल्या वर्षीं लंडनच्या विद्वत्सभेंत त्यानें हा विचार सांगितला, तेव्हां एका सभासदानें विचारलें कीं, आपण मूलद्रव्यांचीं नांवें वर्णानुक्रमानें लावून पाहिलीं आहेत काय? थट्टा निष्ठुर खरी. परंतु जड मूलद्रव्यांपाशीं त्याचें सप्तक बेसूर होत होतें, हेंही खोटें नव्हे. कारण कोष्टकाच्या ओळी सारख्या लांबीच्या नाहींतच. त्यांत अनुक्रमें 2, 8, 8, 18, 18, 32 आणि 32 मूलद्रव्यें बसतात.

याची साक्ष आपल्याच गांवांत आहे. तांब्याचा क्रमांक 29. त्यांत 18 मिळवा, 47 येतात. ती हुपरीच्या कारागिरांची चांदी. त्यांत 32 मिळवा, 79 येतात. तें गुजरींतलें सोनें. तिन्ही धातु एकाच स्तंभांत, एकाखालीं एक. तिन्ही ठोकून पत्रा होतो, तिन्हींची तार निघते, आणि खालीं जावें तसतसा हवेचा त्यांवरील अंमल कमी होतो. तांबें कळकतें, चांदी काळवंडते, सोनें मात्र तसेंच राहतें.

1869 मध्यें रशियाच्या मेंडेलीफनें आपलें कोष्टक रचलें, त्या वेळीं 63 मूलद्रव्यें ठाऊक होतीं. जेथें गुणधर्म जुळेनात, तेथें त्यानें धिटाईनें जागा मोकळी सोडली, आणि त्या अनोळखी पाहुण्यांना नांवें देतांना चक्क संस्कृत शब्द घेतला! अल्युमिनियमच्या खालचें घर ‘एक-अल्युमिनियम’, सिलिकॉनच्या खालचें ‘एक-सिलिकॉन’. आपल्या ‘एक, द्वि, त्रि’चा असा सन्मान झालेला किती मराठी विद्यार्थ्यांस शाळेंत सांगितला जातो, कोण जाणे.

1875 सालीं फ्रान्समध्यें ल्कोक द ब्वाबोद्राँ यांस जस्ताच्या खनिजांत नवा धातु सांपडला. त्यांनीं त्यास गॅलियम म्हटलें व त्याची घनता 4.7 दिली. मेंडेलीफनें तो धातु डोळ्यांनीं पाहिलेलाही नव्हता. तरी त्यानें कळविलें कीं हें माझें एक-अल्युमिनियम आहे, आणि त्याची घनता 5.9च्या आसपास असली पाहिजे. ज्यानें शोध लावला त्यालाच न पाहणारानें चूक दाखवावी, हें फ्रेंच गृहस्थांस रुचलें नसल्यास नवल नाहीं. पण त्यांनीं धातु अधिक शुद्ध करून पुन्हा मोजला, आणि आंकडा 5.9 आला.

हा गॅलियम 30 अंशांच्या आंतच वितळतो. कोल्हापुरच्या वैशाखांत तो बशींत पाण्यासारखा पसरेल. राधानगरी तालुक्यांत दुर्गमानवाडच्या माथ्यावर जें बॉक्साइट खणतात, तें अल्युमिनियमचें खनिज. जगांतील बराचसा गॅलियम अशाच बॉक्साइटवरील प्रक्रियेंतून, टनामागें थोडे ग्रॅम या मानानें, हातीं येतो. एक-अल्युमिनियम अल्युमिनियमच्याच घरीं दडून बसलें होतें! आपल्या घरांतील एलईडी दिव्याचा प्रकाश त्याच्याच संयुगांतून निघतो.

एक कोडें मेंडेलीफला सुटलें नाहीं. टेल्युरियम आयोडिनाहून जड, तरी गुणांवरून त्यास आधीं बसवावें लागे. भार चुकीचा मोजला असावा, असें तो म्हणे. भार बरोबर होता. क्रमाचें गमकच निराळें होतें. 1913 मध्यें तरुण मोझलेनें क्ष-किरणांच्या साह्यानें दाखविलें कीं परमाणुकेंद्रावरील विद्युत्भाराची संख्या हीच खरी ओळ लावते: टेल्युरियम 52, आयोडिन 53. दोनच वर्षांनीं, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीं, तो गॅलिपोलीच्या रणांत गोळी लागून मेला.

आज कोष्टकांत 118 मूलद्रव्यें आहेत आणि सातवी ओळ पूर्ण भरली आहे. आठवी ओळ उघडणारें 119वें अद्याप कोणी घडविलेलें नाहीं. त्याची जागा फ्रान्सियमच्या खालीं ठरलेली आहे, आणि रसायनज्ञ त्यास आतांपासूनच एक-फ्रान्सियम म्हणतात.