प्रोटॉनांची नाडीपरीक्षा



मी वैद्यकाचा माणूस. प्रवेगकांविषयी बोलण्याचा माझा अधिकार मर्यादित आहे. तरीही जिनिव्हाजवळील सर्न संस्थेच्या लार्ज हेड्रॉन कोलायडरमध्ये मोजमापाचा जो प्रश्न उभा राहतो, तो रुग्ण तपासणाऱ्याला परका वाटू नये.

२७ किलोमीटर परिघाच्या त्या वर्तुळात प्रोटॉनांचा झोत सेकंदाला सुमारे ११,२४५ फेऱ्या मारतो. चतुर्ध्रुवी चुंबक त्याला भिंगाप्रमाणे एकवटतात. झोत कोठे किती रुंद असावा, हे बीटा नावाच्या मापाने आधीच ठरविलेले असते. परंतु एका चुंबकाचे बल किंचित चुकले, तरी त्याचा परिणाम साऱ्या वर्तुळभर पसरतो. झोतात साठलेली ऊर्जा शेकडो मेगाज्यूल. तो भरकटला तर यंत्रच जायबंदी होईल.

मग मोजायचे कसे? वाटेवर शेकडो स्थानदर्शक बसविलेले आहेत. झोत डोलविला, की प्रत्येक दर्शक फेरीगणिक त्याचे स्थान नोंदवितो. डोलण्याची उंची मोजावी, तर दर्शकाच्या अंशांकनातील दोष उत्तरात शिरतो. लय तशी फसवीत नाही. महारोहिणी एका जागी अरुंद झालेल्या रुग्णाच्या मनगटाची आणि जांघेची नाडी एकाच वेळी चाचपली, तर जांघेतला ठोका मागाहून येतो. बोटांचा दाब कमीजास्त झाला तरी तो उशीर बदलत नाही. याच बोगद्यातील पूर्वीच्या लेप यंत्रावर १९९० च्या दशकात ही दिशा धरली गेली: तीन शेजारी दर्शकांमधील लयीच्या अंतरावरून बीटा काढावयाचा.

मात्र हे अंतर १८० अंशांच्या जवळ आले, की बारीकशी चूक उत्तरात फुगते. आंद्रेआस लांगनर आणि रोहेलियो तोमास यांनी २०१५ मध्ये मांडलेली सुधारणा मला म्हणूनच विशेष भावते. तिघांवर न थांबता अनेक दर्शक घ्यावयाचे आणि ज्याची साक्ष जितकी विश्वसनीय, तितके वजन तिला द्यावयाचे.

डोलविण्यातही विवेक हवा. एकदम धक्का दिला तर झोत फैलावतो आणि पुन्हा तपासण्याजोगा राहत नाही. त्याऐवजी प्रत्यावर्ती चुंबकाने, त्याच्या स्वाभाविक लयीच्या जवळच्या लयीत, हळूहळू चढवीत आणि उतरवीत त्याला डोलवितात. या चुंबकामुळे मापात पडणारा फरक मागाहून वजा करावा लागतो. (डॉक्टरला पाहूनच ज्यांचा रक्तदाब चढतो, त्यांची येथे आठवण व्हावी!)

टक्करीच्या जागी मात्र दोन्ही बाजूंच्या दर्शकांतले अंतर नेमके १८० अंशांजवळ असते. तेथे लगतच्या चुंबकाचा विद्युतप्रवाह किंचित बदलून झोताच्या लयीत काय फरक पडतो, ते पाहतात. या दोन्ही पद्धती जोडल्यावर २०१६ मध्ये तेथील बीटा आराखड्यातील ५५ सेंटिमीटरऐवजी ४० पर्यंत उतरविता आला आणि त्यावरील नियंत्रण सुमारे एक टक्क्यापर्यंत पोहोचले. त्याच वर्षी टक्करींचे प्रमाण आराखड्यातील अपेक्षेच्या पुढे गेले.