भामिनी नाही म्हणाली तेव्हा

गेल्या महिन्यात गटाची बैठक झाली, बचतीचे पैसे मोजून झाले, आणि एकीने मोबाईलवर ‘संगीत मानापमान’मधलं नाट्यगीत लावलं. ऐकता ऐकता आमचं चांगलंच वाजलं. या जुन्या प्रेमगीतांत बाईला कमी लेखलंय का, यावरून.

आधी गोष्ट सांगतो. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं हे नाटक १९११ साली रंगमंचावर आलं. २०२५ मध्ये त्यावर सिनेमाही निघाला. भामिनी ही श्रीमंताची लेक. वडिलांना तिच्यासाठी धैर्यधर हा सेनापती पसंत असतो, पण तो गरीब म्हणून ती नको म्हणते. त्याला अपमान वाटतो, तोही हट्टाला पेटतो. मग भामिनी गरिबाघरच्या पोरीचा वेष घेते, वनमाला असं नाव सांगते, त्याला जवळून बघते आणि प्रेमात पडते.

एक वयस्क काकू म्हणाल्या, “बरं झालं, पोरीची घमेंड उतरली.” तरुण सुना भडकल्या. पुरुष रागावला की स्वाभिमान, आणि पोरगी नाही म्हणाली की घमेंड? गाण्यांतही तेच. तो तिच्या रूपाचं कौतुक गातो, ती त्याच्या शौर्याचं. तिच्या अकलेवर फारसं कुणी गात नाही.

ही भामिनी तेव्हा उभी केली बालगंधर्वांनी. लिहिणारे पुरुष, चाली देणारे गोविंदराव टेंबे पुरुष, बाई होऊन रुसणारेही पुरुष! आणि त्यांचं नेसणं बघून शहरातल्या खऱ्या बायका तशा नटायच्या. लाजायचं कसं हेही पुरुषाकडून शिकायचं, म्हणून आम्ही खूप हसलो. गळा मात्र असा, की नावं ठेवताना जीभ अडखळते. आपल्या आज्यांच्या जात्यावरच्या ओव्या कुणी लिहून दिल्या नव्हत्या. त्यांत रुसवा कमी. माहेर, भाऊ आणि सासरचे कष्ट जास्त.

मग एक सून म्हणाली, “पण ती नाही म्हणू शकली ना?” सगळ्या गप्प झालो. भामिनीने नवरा स्वतः जाऊन पारखला. आपल्या शहापूर-मुरबाडच्या पोरींना काय मिळतं? पाहुणे येतात, ती पोह्यांच्या बशा आणते, नाव-शिक्षण सांगते, आत जाते. पसंती घरातले पुरुष कळवतात. वेष बदलून जावं म्हटलं, तर आपल्याकडे सगळेच एकमेकांना ओळखतात!

गटातल्याच एका ताईंच्या मुलीला परवा बघायला आले होते. ताईंनी धीर करून सांगितलं, पोरं अर्धा तास ओट्यावर बोलतील. मुलीच्या काकांचं तोंड उतरलं, पण बोलू दिलं. मुलीने विचारलं, “उन्हाळ्यात तुमच्याकडे पाणी कोण आणतं?” मुलगा म्हणाला, “आई आणि वहिनी.” “आणि तुम्ही?” तो जरा थांबला. म्हणाला, “मोटरसायकलवर दोन हंडे आणता येतील.”

मुलीने चार दिवसांनी कळवते म्हणून सांगितलंय. काका अजून ताईंशी बोलत नाहीत.