कलावंतांचे सामाईक अंगण

कलावंताला शिकविणारा गुरू लागतो आणि पाहणारा रसिकही लागतो. परंतु या दोहोंइतकीच त्याला गरज असते ती चार हात जागेची. चित्रकाराला भिंत हवी, नटाला मंच हवा, वादकाला बैठक हवी. मोठ्या शहरांतून त्यासाठी कलादालने व नाट्यगृहे उभारली जातात. चंद्रपूर व गडचिरोली या अरण्यप्रधान जिल्ह्यांत अशा वास्तू विरळाच. मग येथील कलावंत एकत्र येतात तरी कोठे? हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने प्रथम बल्लारपूरच्या रेल्वे स्थानकावर उतरावे.

बल्लारपूर हे वर्धा नदीच्या काठचे गाव. खांडक्या बल्लाळशाह या गोंड राजाने ते वसविले, आणि त्याच्या किल्ल्याचे अवशेष नदीकाठी आहेत. पुढे कागदाचा कारखाना व कोळशाच्या खाणी यांमुळे गावाचे नाव सर्वत्र झाले. गाव बल्लारपूर खरे, परंतु स्थानकाच्या पाटीवर मात्र राजाचे नाव आहे : बल्लारशाह. दिल्लीहून चेन्नईस जाणाऱ्या मुख्य मार्गावरील हे स्थानक असल्यामुळे नाना प्रांतांचे लोक येथे घटकाभर थांबतात. या घटकाभराच्या पाहुण्यांसाठीच स्थानकाच्या भिंती रंगविण्यात आल्या. ताडोबाच्या रानातील वाघ आणि आदिवासी शैलीतील आकृती हे त्या चित्रांचे विषय होत.

2018 साली रेल्वे मंत्रालयाने स्थानकांच्या सुशोभनाची स्पर्धा घेतली. तीत पहिला क्रमांक बल्लारशाह व चंद्रपूर या जोडीला मिळाला. बक्षीस 10 लाख रुपयांचे होते. दुसरा क्रमांक बिहारातील मधुबनीला व दक्षिणेतील मदुराईला विभागून गेला. मधुबनीच्या परिसरातील स्त्रिया पिढ्यान् पिढ्या आपल्या घरांच्या मातीच्या भिंतींवर चित्रे काढीत आल्या आहेत. तेथील कलावंतांनी स्थानकाची भिंतही घरचीच मानली आणि श्रमदानाने ती रंगविली. अशा भिंतीचे मोठेपण हे की, तिच्यापुढे उभे राहण्यास तिकीट पडत नाही. कलादालनाची पायरी चढण्यास संकोचणारा मजूरही बोचके उशाशी घेऊन तेथे निवांतपणे चित्र पाहू शकतो.

परंतु या कौतुकाला एक दुःखद बाजू आहे, आणि ती झाकून ठेवणे योग्य नव्हे. 27 नोव्हेंबर 2022 रोजी याच स्थानकावरील पादचारी पुलाचा काही भाग खाली कोसळला. एक महिला प्रवासी प्राणास मुकली व कित्येक जण जखमी झाले. रंगाचा आणि पुलाचा संबंध काय, असे कोणी म्हणेल. संबंध एवढाच की, सार्वजनिक जागा सजविण्याचा उत्साह एका वर्षात दिसून येतो, ती राखण्याचे काम मात्र वर्षानुवर्षे करावे लागते. बक्षीस सजावटीला मिळते; राखणीला कोणी हारतुरे घालीत नाही. जी जागा सर्वांची, तिची काळजी नेमकी कोणाची, हा प्रश्न त्या दिवशी फार कठोरपणे पुढे आला.

या प्रश्नाचे एक उत्तर पाहावयाचे तर येथूनच गोंदियाकडे जाणारी गाडी धरावी. मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी अशी स्थानके मागे टाकीत ती वैनगंगा ओलांडते आणि वडशाला पोहोचते. सरकारी दप्तरी या गावाचे नाव देसाईगंज. गडचिरोली जिल्ह्याला रेल्वेचे तोंड दीर्घकाळ येथेच काय ते दिसले. त्यामुळे चोहोकडच्या खेड्यांचे येणेजाणे या पेठेत जमले, आणि झाडीपट्टीच्या नाटक मंडळ्यांनीही येथेच बिऱ्हाड केले. झाडी म्हणजे दाट रान. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया या धानाच्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात.

वडशात मंडळ्यांच्या कचेऱ्या आहेत, नाटकांचे फलक आहेत. दिवाळीच्या सुमारास धान कापून झाले की गावोगावचे कारभारी येथे येतात, नाटक पसंत करतात आणि तारीख ठरवितात. नट, गायक, वादक, पडदे व दिवे सांभाळणारे अशा सर्वांचे करारमदार याच पेठेत होतात. पुढे होळीपर्यंत रात्रीमागून रात्री प्रयोग चालतात. शेतात खळगा खणावयाचा, निघालेल्या मातीचा उंचवटा करावयाचा. उंचवटा तो मंच आणि खळगा ते प्रेक्षागृह. नाटक रात्री उभे राहते ते पहाटेस संपते. त्या निमित्ताने लेकी माहेरी येतात, सोयरीकही जुळते. दंडार, खडी गंमत या जुन्या लोकप्रकारांतून वाढलेल्या या रंगभूमीचे ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली.

या अंगणावरही संकटे आली. दिवसा शंकरपट व रात्री नाटक अशी पुष्कळ गावांची रीत. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींस बंदी केली, तेव्हा नाटकाचे एक मोठे निमित्त गेले. शर्यतींना मुभा देणारा कायदा न्यायालयाने ग्राह्य धरला तो 2023 साली. मध्यंतरी 2020 मध्ये महामारीने मंचच बंद पाडले, आणि पावसाळ्यात धानाच्या बांधीत राबणाऱ्या नटाला हिवाळ्याची कमाईही मिळेनाशी झाली. तरीही साथ ओसरताच पडदे पुन्हा वर गेले. कारण ही जागा कोणी बक्षिसासाठी सजविलेली नव्हती. तिकीट काढणारा शेतकरी, मंच खणणारा तरुण व त्यावर उभा राहणारा नट या तिघांनी ती आपली म्हणून धरली होती.

स्थानकाची भिंत आणि शेतातला मंच या दोहोंत उणेअधिक ठरविण्याचे कारण नाही. मुलखाला दोन्ही हवीत. मात्र भिंतीने मंचापासून एक गोष्ट घ्यावी. चित्र काढणाऱ्याचे नाव चित्राखाली असावे, दर वर्षी त्याला पुन्हा बोलावून रंग ताजा करण्याची तरतूद असावी, आणि भिंतीबरोबर छप्पर व पूलही तपासले जावेत. आणि शहरातील रसिकाने हिवाळ्यात एकदा तरी वडशाकडे जाऊन, तिकीट काढून, त्या मातीच्या खळग्यात पहाटेपर्यंत बसावे. कलावंतांच्या अंगणाची राखण अशीच होत असते.