आंधळ्या दुकानदारिणीचा हिशेब

संगणकावरच्या जुन्या साहसखेळांत एखादे पात्र धारण करावे, राक्षस मारावेत आणि धन लुटावे, असा परिपाठ असे. १९८५ साली अमेरिकेतील रिचर्ड गॅरियट यांनी 'अल्टिमा ४' काढला आणि तो मोडला. या खेळाच्या अखेरीस मारण्याजोगा खलनायकच नाही. सचोटी, करुणा, विनय असे आठ गुण अंगी बाणवून 'अवतार' व्हायचे. शब्द आपलाच, पण आपल्याकडे देव खाली उतरतो, येथे माणूस वर चढतो.

त्यातली एक दुकानदारीण पाहा. मंत्रांसाठी लागणारा लसूण, गंधकाची राख असल्या वस्तू विकणारी ही बाई आंधळी आहे. ती किंमत सांगते. पैसे मोजून ठेवायचे ते खेळणाऱ्याने. कमी ठेवले तरी माल मिळतो, कोणी हटकत नाही. आरंभी गाठीला पैसा बेताचाच असतो, त्यामुळे मोह खराखुरा होतो. यंत्र मात्र गुपचूप नोंद करते. राजवाड्यातला हॉकविंड नावाचा द्रष्टा विचारल्यावर प्रगतीची कल्पना देतो, आकडा सांगत नाही.

मला हा हिशेब थोडा खटकतो. भिकाऱ्याला एकेक नाणे देऊनही करुणेचे माप भरत जाते. असे पुण्यसंचय करणारे आपल्याही ओळखीचे असतात. पण त्या दुकानाची गोष्ट निराळी. नोंद होते आहे हे ठाऊक नसताना तेथे प्रथम उभा राहिलेला खेळाडू अगदी एकटा असतो, आणि समोरची बाई नाणी मोजून पाहत नाही.