सनद आणि सूर



वडिलांनी मुलासाठी मुन्सफीची, निदान वकिलीच्या सनदेची आशा धरावी आणि मुलाने मात्र तंबोऱ्याच्या जवारीत कान घालून बसावे, हा प्रसंग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आपल्या पांढरपेशा घरांतून इतक्या वेळा घडला आहे की, त्यात वडिलांस खलनायक आणि चिरंजीवांस हुतात्मा ठरवून मोकळे होण्याची आपल्याला सवयच जडली आहे. वस्तुतः वडिलांची भीती निराधार नव्हती. गवयाची उपजीविका दरबारच्या तनख्यावर आणि बैठकीच्या बिदागीवर चाले, आणि तो तनखा बंद होण्यास धन्याची एक गैरमर्जी पुरे होई. अण्णासाहेब किर्लोस्करांसारख्या पुरुषानेही ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतला’चा प्रयोग केला तो रेव्हिन्यू कमिशनरच्या कचेरीतील चाकरी सांभाळूनच, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

परंतु आज मला बोलावयाचे आहे ते पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्याविषयी. १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईत वाळकेश्वरास जन्मलेले हे गृहस्थ १८८५ साली बी. ए. आणि १८८७ साली एल्एल्. बी. झाले, काही काळ कराचीस व पुढे मुंबईस त्यांनी वकिली केली, म्हणजे त्या काळचे सुशिक्षित घर जे मागते ते त्यांनी चोख दिले. मात्र पदवी हाती येण्यापूर्वीच, १८८४ मध्ये, ते पारशी मंडळींच्या पुढाकाराने चाललेल्या गायन उत्तेजक मंडळीत दाखल झाले होते, आणि अशिलांच्या कैफियती ऐकणारा तोच कान तेथे बुवा-खाँसाहेबांच्या चिजाही टिपून घेत होता.

माझे म्हणणे असे की, भातखंड्यांनी वकिली सोडली खरी, पण वकील मात्र सोडला नाही. एकाच रागाविषयी दोन घराणी दोन जबान्या देतात, ग्रंथ तिसरेच सांगतात आणि प्रत्येक जण आपलाच दाखला अस्सल म्हणतो, अशा या गुंतागुंतीच्या दाव्यात त्यांनी भक्तिभावाने मान न डोलावता साक्षी नोंदविल्या, उलटतपासणी केली, दस्तऐवज धुंडाळले. १९०४ मध्ये ते दक्षिणेत गेले. एट्टयपुरमच्या सुब्बराम दीक्षितांकडून त्यांना व्यंकटमखीच्या ‘चतुर्दंडिप्रकाशिके’ची पोथी उपलब्ध झाली, आणि तिच्यातील ७२ मेळांच्या विचारातून पुढे हिंदुस्थानी रागांची १० थाटांत मांडणी करण्याची वाट त्यांना सापडली. त्या दहा खणांत सगळे राग सुखाने बसत नाहीत, हा गवयांचा आक्षेप मला मान्य आहे. पण आक्षेप घेण्याजोगी मिसल तरी या माणसाने तयार करून ठेवली! ‘हिंदुस्थानी संगीतपद्धती’चे मराठी खंड गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तरांत रचलेले आहेत, ते वाचताना कोर्टातला सवाल-जबाब आठवल्यावाचून राहत नाही.

आता एक अप्रिय गोष्टही सांगितली पाहिजे. १९०० मध्ये त्यांची पत्नी आणि १९०३ मध्ये कन्या निवर्तली. १९१० च्या सुमारास, पन्नाशीला टेकल्यावर, त्यांनी वकिलीचा व्यवसाय कायमचा बंद केला, तेव्हा त्यांच्या त्यागाची झळ लागावी असे घरात कोणी उरले नव्हते. आणि इतक्या वर्षांच्या कमाईने पोटाची तजवीजही झालेली होती. म्हणून विशीतल्या, घरसंसाराचा भार असलेल्या तरुणापुढे त्यांचा दाखला ठेवणाऱ्याने हा तपशील गाळणे, मला विचाराल तर, लबाडीचे आहे. मोकळीक त्यांना मिळाली ती फार महागात. तिचे त्यांनी सोने केले, ही गोष्ट निराळी.

त्यानंतरची हकीकत सर्वश्रुत आहे: १९१६ साली बडोद्यास भरलेली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद, क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांतून सर्वांसाठी खुली झालेली घराण्यांची कुलूपबंद पुंजी, १९२६ चे लखनौचे मॅरिस कॉलेज. १९ सप्टेंबर १९३६ रोजी ते कैलासवासी झाले.

या सभेत जे आईबाप बसले असतील, त्यांना माझी एवढीच विनंती आहे: कॉलेजातला मुलगा किंवा मुलगी एके दिवशी गाण्याचे, चित्रकलेचे वा नाटकाचे नाव काढील, तेव्हा रागावण्यापूर्वी, आणि कौतुक करण्यापूर्वीही, तिच्या किंवा त्याच्या वह्या एकदा मागून पाहा.